हिरव्या मुगाचं चिनी गोड सूप : लुक दाउ सा

अबोली_पुणे

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं ग्वांगझोउला होतो. म्हणजे जुनं कँटन, चीनच्या दक्षिणेला, हाँगकाँगपासून जवळ. परत येऊन बरीच वर्षं झाली, पण पुण्यात मे महिन्याचं ऊन तापायला लागलं की मला तिथलं लुक दाउ सा हटकून आठवतं. काल केलं तेव्हा बहीण म्हणाली, एकदा नीट लिहून ठेव. म्हणून हा धागा.

आधी थोडं त्या प्रकाराबद्दल. कँटनकडे 'थोंग सुई' म्हणून पदार्थांची एक मोठी जातकुळीच आहे. थोंग म्हणजे साखर, सुई म्हणजे पाणी. हिरवे मूग, छोटे लाल मूग, काळे तीळ, रताळं आणि आलं, पपई, कशाकशाचं करतात. रात्रीचं जेवण झालं की तास-दोन तासांनी वाडगाभर प्यायचं. हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात गार. आमच्या गल्लीच्या तोंडाशी थोंग सुईचं एक इवलंसं दुकान होतं, रात्री उशिरापर्यंत उघडं. लोक घरातल्या चपला घालून, पोरांना कडेवर घेऊन तिथे येऊन बसायचे. घरी मात्र प्रत्येकीची पद्धत वेगळी. मी शिकले ते आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींकडून. सगळे त्यांना 'पो-पो' म्हणायचे, मीही तेच म्हणायचे.

पहिल्याच उन्हाळ्यात मला मानेवर खूप घामोळं आलं होतं. आजी जिन्यात भेटल्या, मानेकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यित हेइ." अंगात उष्णता झालीय. संध्याकाळी स्टीलच्या डब्यातून हे सूप घेऊन दारात उभ्या. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी नाही, पण मूग थंड असतात हे मला माझ्या आजीनेच लहानपणी सांगितलेलं. तापातून उठलेल्याला आपण मुगाचं कढण देतोच की. परक्या देशातल्या त्या जिन्यात तेच ऐकून मला इतका आधार वाटला, की तेव्हापासून हा पदार्थ माझा झाला.

'लुक दाउ' म्हणजे हिरवे मूग आणि 'सा' म्हणजे वाळू. मूग फुटून आतला गर वाळूसारखा कणाकणाने पाण्यात उतरला पाहिजे. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, रवाळ.

लागतं एवढंच: अख्खे हिरवे मूग २०० ग्रॅम, पाणी २ लिटर, खडीसाखर १०० ते १२० ग्रॅम. पाच-सहा जणांना पुरतं.

मूग धुऊन दोन-तीन तास भिजवायचे. रात्रभर नको. आपल्या हवेत सकाळपर्यंत मोड डोकवायला लागतात आणि चव उसळीकडे झुकते. पाण्याला आधी खळखळून उकळी येऊ द्यायची, मग मूग घालायचे आणि झाकण ठेवायचं. दहा मिनिटांत पाणी पोपटी दिसायला लागतं. यातलं वाडगाभर पाणी आजी बाजूला काढायच्या, साखर न घालता, उन्हातून दमून आलेल्याला द्यायला. मग आच मंद करायची. पंचवीस-तीस मिनिटांत मूग फुटतात आणि सालं वर तरंगायला लागतात. ती झाऱ्याने काढायची. सगळी काढलीत तर रंग आणि तो हिरवा वास दोन्ही जातात, एकही काढलं नाहीत तर घशात टोचतात. मी निम्मी काढते.

त्यानंतर अजून अर्धा-पाऊण तास मंद आचेवर, मधूनमधून तळापासून ढवळत. आजी पळीवर दोन दाणे घ्यायच्या, फुंकर घालायच्या आणि अंगठा-तर्जनीत चिरडायच्या. मध्ये कणी लागली की झाकण परत वर. ओल्या रव्यासारखं बोटांना लागलं की मान हलवायच्या, आणि मगच साखर. हा क्रम मोडायचा नाही. साखर आधी पडली की मूग दडस राहतात, तास गेला तरी फुटत नाहीत. खडीसाखरेचे मोठे खडे आजी फडक्यात गुंडाळून सुरीच्या पाठीने ठोकायच्या. तो आवाज आला की आम्हाला खाली कळायचं, आज मूग आहेत.

आता माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. यात दूध घालू नका, तूप घालू नका, वेलची-जायफळ काहीही घालू नका. पहिलं वर्षभर मी घालत होते, कारण गोड म्हटलं की आपला हात वेलचीच्या डबीकडे जातोच. चांगलं लागायचं, पण ती मुगाची खीर व्हायची. पाणचट वाटेल म्हणून घाबरू नका. पातळच हवं. त्या पातळपणातच मुगाची चव मोकळी होते, आणि रात्री जेवणानंतर प्यायलं तरी पोटाला जड होत नाही.

---

रानजाई

तोंडाला पाणी सुटलं! वाचनखूण साठवली. फोटो टाक ना.

---

डोंबिवलीचा_खवय्या

ताई, फार सुंदर लिहिलंय. दोन प्रश्न. कुकरमध्ये चालेल का? दीड तास गॅस जाळायचा म्हणजे घरून बोलणी बसतील. आणि खडीसाखर नसली तर साधी साखर चालेल की गूळच बरा?

---

अबोली_पुणे

@खवय्या, कुकर चालतो. मी घाईत तसंच करते. एक लिटर पाण्यात मूग, तीन शिट्ट्या, वाफ आपोआप जिरू द्यायची. मग उरलेलं पाणी उकळतं करून घालायचं आणि उघड्यावर पंधरा-वीस मिनिटं. शेवटचा भाग गाळू नका, रवाळपणा त्यातच येतो. कुकरमधून थेट वाढलंत तर मुगाचं वरण होतं.

साधी साखर चालेल, थोडी कमी घाला. खडीसाखरेचा गोडवा जरा निवळ असतो, मागे रेंगाळत नाही. गुळाचं म्हणाल तर तिकडे चपट्या वड्यांची तपकिरी साखर मिळते, 'पिन थोंग'. ती वापरणारीही घरं आहेत. तेव्हा गूळ अगदीच परका नाही, फक्त चिक्कीचा गूळ घेऊ नका आणि रंग हिरवा राहील ही आशा सोडा.

@रानजाई, आज रात्री टाकते.

---

सातेरीची_लेक

आमच्या गोव्यात मणगणें करतात त्याची आठवण आली. चण्याची डाळ, साबुदाणा, नारळाचा रस, गूळ, वर काजू. तुमच्याकडे नारळ अजिबातच नाही का?

---

केवडा_सिंगापूर

@सातेरी, नारळाचंही आहे. हाँगकाँग आणि मकाऊमध्ये 'चा चा' नावाचं थोंग सुई असतं. त्यात चार-पाच कडधान्यं एकत्र शिजवतात, लाल मूग, हिरवे मूग, चवळी वगैरे, कधी अरवीसारखा कंद, साबुदाणा, आणि शेवटी नारळाचं दूध. मी मणगणें एकदाच मैत्रिणीच्या घरी पेडण्याला खाल्लंय, पण पहिल्या चमच्यालाच मला चा चा आठवलं. घट्टपणासुद्धा तोच.

इथे सिंगापुरात आणखी एक प्रकार मिळतो, 'ताउ सुआन'. तो कँटनचा नाही, तेओच्यू लोकांचा, ग्वांगझोउ ज्यात येतं त्या ग्वांगडोंग प्रांताच्याच पूर्व टोकाकडचा. त्यात बिनसालीची मूगडाळ. डाळ आख्खी राहील इतपतच वाफवायची, साखरेच्या पाण्यात सोडायची आणि बटाट्याचं किंवा रताळ्याचं सत्त्व लावून पाणी काचेसारखं दाट करायचं. वर तळलेल्या लांब पावाचे तुकडे, 'यु थियाव'. कुरकुरीत तुकडा त्या दाट पाण्यात बुडवून खायचा. इथे त्यात पंदनचं पान घालतात. कोकणात भाताला वास यावा म्हणून परसात लावतो तेच ते बासमतीचं पान. माझ्या सासूबाई इथे आल्या तेव्हा बाजारात जुडी पाहून हरखून गेल्या होत्या. मी लुक दाउ सामध्येही एक पान गाठ मारून टाकते. अबोलीताईंच्या नियमात बसतं का माहीत नाही.

---

अबोली_पुणे

@केवडा, बसतं की! पान वासापुरतं असतं, शेवटी काढूनच टाकतो. माझा विरोध दूध-तुपाला आहे. ताउ सुआन मी कधी खाल्लेलं नाही, आता मूगडाळ भिजवते.

---

डोंबिवलीचा_खवय्या

काल केलं. खरं सांगतो, निराशा झाली. चव ठीक होती, पण रंग! तासाभरात गढूळ तांबूस. मुलगी म्हणाली, बाबा हा चहा आहे का. मूग चांगल्या दुकानातले, यंदाचे. लोखंडी कढईत केलं होतं, घरात तीच मोठी आहे. सोसायटीत सध्या बोअरचं पाणी येतंय, त्याचा काही संबंध?

---

अबोली_पुणे

@खवय्या, दोन्हींचा संबंध आहे. मुगाच्या सालीत चहासारखीच तुरट द्रव्यं असतात. बोअरचं पाणी जड आणि क्षारयुक्त असतं, त्यात ती द्रव्यं हवेशी संयोग पावून लाल होतात. लोखंडाशी गाठ पडली की आणखी काळवंडतात. हा प्रश्न चीनमध्येही आहे. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी पाणी जड, तिथे घरोघरी मुगाचं पाणी तांबडं होतं आणि दक्षिणेकडच्यांचं हिरवं राहतं.

उपाय सोपे आहेत. पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या. स्टीलचं किंवा मातीचं भांडं वापरा. झाकण उगाच उघडू नका. आणि उकळत्या पाण्यात मूग टाकताना लिंबाचे सात-आठ थेंब पिळा, आंबट लागत नाही. तांबूस झालेलं बिघडलेलं नसतं, मुलीला बिनधास्त द्या.

---

माझगाव_डॉक

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझं बालपण माझगावचं. नवाब टँक रोडवर 'सी यप कून' नावाचं चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं, कँटनकडून आलेल्या खलाशांनी उभारलेलं. चिनी नववर्षाला आम्ही पोरं लाल कंदील बघायला जायचो. देवळाजवळ राहणाऱ्या एका चिनी काकूंनी एकदा आम्हाला वाटीतून गोड मूग दिले होते. त्यात हिरव्या-काळ्या पट्ट्या होत्या आणि एक उग्र वास होता. आम्हा पोरांना तो सोसला नाही, वाटी तशीच परत केली. आज पन्नाशीत असताना ते आठवून वाईट वाटतं. त्या पट्ट्या कसल्या असतील? आणि तो वास?

---

अबोली_पुणे

@माझगाव_डॉक, तुमचं वाचून अंगावर काटा आला. पट्ट्या म्हणजे समुद्री शेवाळ, वाळवलेलं असतं, भिजवून बोटभर कापून घालतात. आणि उग्र वास बहुतेक सतापीचा! हो, आपली सताप, बाळाला सर्दी झाली की जिची पानं चुरगळून हुंगवतात ती. कँटनमध्ये तिला 'छाउ छोउ' म्हणतात, म्हणजे चक्क 'वासमारं गवत'. जुन्या पद्धतीच्या लुक दाउ साला तिची डहाळी लागतेच. आजी म्हणायच्या, हिच्याशिवाय मूग मुके. मी मूळ पोस्टमध्ये लिहिलं नाही कारण पहिल्यांदा खाणाऱ्याला तो वास झेपत नाही. घालायचीच तर दोन इंचांची एकच डहाळी, मलमलच्या फडक्यात बांधून, शेवटची दहा मिनिटं.

आणि 'सी यप' म्हणजे चार परगणे. ग्वांगडोंगमधलेच. त्यातला एक शिनहुई. मी चार वर्षं तिथे राहून ज्या शिनहुईच्या संत्र्याच्या सालीचं कौतुक ऐकत होते, त्याच मुलखाचं नाव माझगावातल्या देवळावर आहे हे मला आज कळतंय.

---

वैद्य_मंजिरी

एक सूचना, कृपया सगळ्यांनी वाचावी. सताप गरोदर स्त्रियांनी पोटात घ्यायची नाही, अगदी थोडीही नाही. गर्भाशयावर तिचा परिणाम होतो. तसंच भर उन्हात सतापीची पानं खुडून तो रस हाताला लागला तर काहींना फोड येतात. बाळंत होऊ घातलेल्या घरात हे सूप करत असाल तर डहाळी वगळा. नुसते मूग आणि साखर, छान.

---

अबोली_पुणे

मंजिरीताई, मनापासून आभार. मूळ पोस्टमध्येही ही सूचना वर घालते.

---

रानजाई

संत्र्याच्या सालीचं काय ते सांग ना. आम्ही वाळवून उटण्यात घालतो. ती मुगात जाते?

---

अबोली_पुणे

मुगात क्वचित. तिची खरी जागा लाल मुगाच्या सूपात, 'हुंग दाउ सा'. तिकडचे लाल मूग म्हणजे राजमा नव्हे. दाणा मुगापेक्षा थोडा मोठा, गर्द लाल, पोटाशी पांढरी रेघ. आपल्याकडे सहज मिळत नाहीत, मी बारीक लाल चवळी घेते. चवळी, मूग, उडीद, मटकी आणि हे लाल मूग एकाच कुळातले, त्यामुळे फार बिनसत नाही. चवळी मात्र रात्रभर भिजवायची आणि शिजायला दुप्पट वेळ धरायचा.

लग्नाच्या मेजवानीत शेवटी हे सूप येतं, त्यात कमळाच्या बिया आणि लिलीच्या कांद्याच्या पाकळ्या. कमळाच्या बियांचा उच्चार 'लागोपाठ मुलं' या शब्दांशी जुळतो, म्हणून नवरानवरीसाठी शुभ. (मखाणे घालू नका. मखाणे कमळाचे नव्हेत, ती वेगळी काटेरी पाणवनस्पती. तीही तिकडे सूपात घालतात, पण न फुलवता, वेगळ्या नावाने.)

आता साल. तिला 'छान पेइ' म्हणतात, जुनी साल. निदान तीन वर्षं मुरलेलीच त्या नावाला पात्र. नवी साल कडवट आणि झणझणीत असते, मुरली की कडवटपणा जाऊन औषधी गोडसर वास येतो. आजींकडे बरणीत काळपट तपकिरी साली होत्या, त्यांच्या लेकीच्या जन्माच्या वर्षीच्या. लेक चाळिशीची होती. नखाएवढा तुकडा कोमट पाण्यात भिजवून, आतली पांढरी बाजू सुरीने खरवडून, सूपात टाकायच्या. त्या एवढ्याशा तुकड्याने सगळं घर दरवळायचं.

---

वर्धेकर

शिनहुईचं ते फळ आणि आपलं नागपुरी संत्रं, दोन्ही मोकळ्या सालीची, वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच जातीची. म्हणजे आमच्याकडे पोत्यांनी फेकून देतो ती सालं कामाची आहेत तर. मृगबहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तेव्हा ऊनही कडक असतं, वाळवायला चांगलं. अबोलीताई, तीन वर्षं बुरशी न येता ठेवायची कशी?

---

अबोली_पुणे

@वर्धेकर, मी नागपुरी संत्र्याचीच करते, आता पाचवं वर्ष चालू आहे. बाजारच्या फळाला बऱ्याचदा मेण लावलेलं असतं, म्हणून कोमट पाण्याने चोळून धुवायचं. तुमच्या बागेतली असतील तर प्रश्नच नाही. साल तीन पाकळ्यांत सोलायची, देठाशी जोडलेली राहू द्यायची. आतली बाजू वर करून उन्हात, पार कडकडीत होईपर्यंत. मग काचेच्या बरणीत, झाकण अगदी घट्ट नको. पावसाळा संपला की दरवर्षी एकदा ऑक्टोबरच्या उन्हात काढून परत वाळवायची. पहिल्या पावसाळ्यात माझी एक आख्खी बरणी बुरशीने गेली, कारण साल वाकत होती तरी मी भरून ठेवली होती. मोडताना कट् आवाज आला पाहिजे. बरणीवर वर्ष लिहा.

शिनहुईची सर येते असं मी म्हणणार नाही. पण तिसऱ्या वर्षी वास बदलतो, हे मी स्वतः पाहिलंय.

---

माझगाव_डॉक

काल सतापीची डहाळी घालून केलं. शेवाळ दादरला एका दुकानात 'कोम्बू' नावाने मिळालं, ते जपानी असतं म्हणे, पण चाललं. झाकण उघडलं आणि तोच वास. वयाच्या आठव्या वर्षी नाक मुरडून परत केलेली वाटी मी काल दोनदा भरून घेतली. बायकोला आवडलं नाही, तिच्यासाठी बिनसतापीचं वेगळं काढलं होतं.

---

डोंबिवलीचा_खवय्या

दुसरा प्रयत्न. बिसलेरीचं पाणी, स्टीलचं पातेलं, आठ थेंब लिंबू, झाकण फक्त तीनदा उघडलं. रंग पोपटी आला आणि तसाच राहिला! रात्री अकराला आम्ही चौघं गच्चीत गार करून प्यायलो. ८० वर्षांच्या आईला हल्ली रात्रीचं काही नको असतं, तिने वाटीभर घेतलं आणि सकाळी पुन्हा मागितलं. पण फ्रीजमध्ये ते पार घट्ट होऊन बसलंय, पिठल्यासारखं. दूध घालून सैल करू का?

---

अबोली_पुणे

दूध नको! उकळतं पाणी घाला, अर्धी वाटी पुरे, आणि मंद आचेवर एकदा ढवळून घ्या. साखर चाखून बघा, थोडी लागेल. आईंना कोमटच द्या.